एक शनिवार तुझा, एक शनिवार माझा

पुण्यात शिकायला आलेल्या कुणालाही विचारा, रविवारची संध्याकाळ कशी असते. दुपारी मेसमध्ये फीस्ट झालेली असते. पुरी, मसालेभात, एखादी पनीरची भाजी आणि काहीतरी गोड. संध्याकाळी मेस बंद. आठ वाजले की रूमवर सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. वडापाव आणायचा, मॅगी करायची की ऑर्डर करायचं? महिनाअखेर असेल तर ऑर्डरचा विषयच मिटतो. मग कुणीतरी म्हणतं, "ए, खिचडी टाकूया का?" आणि तिथून खरी भानगड सुरू होते. कांदा कोण चिरणार, शिट्ट्या किती करायच्या, आणि जेवण झाल्यावर तो करपलेला कुकर घासणार कोण?

ही भानगड तुम्ही केली असेल, तर पुढची गोष्ट तुम्हाला परकी वाटायची नाही.

आमच्या ओळखीतलं एक जोडपं आहे. दोघंही एकेकाळचे मेसवाले. तो अकोल्याचा, ती सावंतवाडीची. कॉलेजात असताना रविवारी संध्याकाळी चार-पाच जणांच्या ग्रुपमध्ये खिचडी टाकता टाकता त्यांचं जुळलं, असं ते सांगतात. (ग्रुपमधले बाकीचे म्हणतात, खिचडी आम्ही टाकायचो, हे दोघं बाल्कनीत असायचे.) आता लग्नाला तीन वर्षं झालीत. भाड्याचा वन बीएचके, दोघांच्या नोकऱ्या, पोळ्या करायला सकाळी मावशी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दर शनिवारी रात्री बाहेर जेवायला जायचं, असं आपोआप ठरून गेलं होतं. मग एकदा दोघांनी तीन महिन्यांची बिलं काढून बघितली आणि गप्प बसले. त्या रात्री ठरलं की शनिवारी घरीच जेवायचं, पण रोजच्यासारखं नाही. दर शनिवारी असा एक पदार्थ करायचा, जो या घरात आधी कधीच झालेला नाही. आणि करायचा आलटून पालटून. एक शनिवार त्याचा, एक तिचा.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? इन्स्टाग्रामवर अशी 'कपल कुकिंग'ची शेकडो रील्स आहेत. आहेतच. त्यात दोघंही एकसारखे ॲप्रन घालतात, नाकाला पीठ लावतात आणि तीस सेकंदांत पास्ता तयार होतो. खरकटी भांडी मात्र कुठल्याच रीलमध्ये दिसत नाहीत. या दोघांची गोष्ट भांड्यांपासून सुरू होते, म्हणून सांगावीशी वाटते.

पहिला शनिवार त्याचा होता. पाटवडी रस्सा करायचं ठरलं. वऱ्हाडातला पदार्थ, घरी आईच्या हातचा शेकडो वेळा खाल्लेला, म्हणजे येणारच असा त्याचा समज. कृती ऐकायला सोपी आहे. एक वाटी बेसनाला पावणेदोन-दोन वाट्या पाणी. लसूण-मिरची-जिऱ्याची फोडणी करून त्यात हळद, मीठ आणि पाणी घालायचं, उकळी आली की एका हातानं बेसन भुरभुरायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. घट्ट गोळा झाला की झाकण ठेवून वाफ काढायची आणि तेलाचा हात लावलेल्या ताटात थापायचा. वर खोबरं, कोथिंबीर. गार झाला की वड्या. रश्शाला भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस यांचं वाटण. वड्या रश्शात शिजवायच्या नाहीत, ताटात वाढल्यावर वरून कढत रस्सा ओतायचा.

पठ्ठ्यानं केलं सगळं. चवही बरी होती. पण त्या दोन तासांत ती हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसली होती आणि तिची चार पानंही वाचून झाली नाहीत. "अगं, खसखस कुठाय?" "मिक्सरचं छोटं भांडं कुठाय?" "सुकं खोबरं आपण आणतो का?" "हे ताट चालेल का?" "पकड कुठे ठेवतेस तू?" शेवटी ती उठून आत आली आणि मग निम्मा रस्सा तिनंच केला. जेवण झाल्यावर तो फोनवर आईला कौतुकानं सांगत होता, "आज मी केलं सगळं." ओट्यावर तीन कढया, दोन ताटं, मिक्सरची दोन भांडी आणि सगळीकडे बेसन.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला पहिला नियम तयार झाला: 'कुठाय' विचारायचं नाही. सापडत नसेल तर सगळे डबे उघडून बघायचे. दुसरा नियम: ओटा पुसून, सिंक रिकामं झाल्याशिवाय टर्न संपत नाही. तिसरा नियम त्यानं मागून घेतला आणि तो अगदी रास्त आहे. ज्याचा टर्न नाही त्यानं स्वयंपाकघरात यायचं नाही, आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. "अरे, गॅस मोठा आहे", "कांदा अजून परत की" अशी मागून कॉमेंट्री चालू असेल तर कुणाचाच हात चालत नाही. क्रिकेट खेळलेल्यांना हे सांगायला नको.

हे नियम वाचताना हसू येतं, पण विचार करा. 'कुठाय' या एका शब्दात काय काय दडलेलं असतं? कुठली वस्तू कुठल्या डब्यात आहे, किती उरली आहे, कधी आणायची आहे, हा सगळा हिशेब कुणाच्या तरी डोक्यात चालू असतो. मुळात हा हिशेब आपल्याला ठाऊक नाही, हेच विचारणाऱ्याच्या गावी नसतं.

दुसरा शनिवार तिचा. तिनं आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ ठरवली, सोबत सोलकढी. सिंधुदुर्गात वाढलेल्यांना या बेताचं कौतुक सांगायला नको. पण अकोल्याच्या माणसानं काळे वाटाणे आयुष्यात पहिल्यांदा बघितले. "हे वाटाणे सडलेत का गं?" असं त्यानं विचारल्याची नोंद आहे.

या बेताची गंमत अशी, की तो शनिवारी करताच येत नाही. शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या भिजत घालायच्या. संध्याकाळी घरी आल्यावर ते वाटायचं आणि आंबायला ठेवायचं. थंडीचे दिवस असतील तर पीठ फुगायला रात्र पुरतेच असं नाही, उबदार कोपरा शोधावा लागतो. रात्री झोपताना वाटाणे भिजत घालायचे, कारण हे वाटाणे कडक, चार तासांत भिजणाऱ्यातले नाहीत. सोलकढीची आमसुलं तेवढी शनिवारी कोमट पाण्यात टाकली तरी चालतात. आणि नारळाचं दूध घातल्यावर कढी गॅसवर ठेवायची नाही, फाटते.

म्हणजे त्याचा टर्न शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू झाला होता, तिचा शुक्रवारी सकाळी साडेआठला. आंबोळ्या खाताना हे त्याच्या लक्षात आलं का? नाही. तो म्हणाला, "तुझं किती पटकन झालं!"

इथे जरा थांबून 'नवीन पदार्थ' म्हणजे काय, याबद्दल बोलू. सुरुवातीला त्या दोघांनाही नवीन म्हणजे परदेशीच वाटायचं. एक शनिवार थाय करी झाली, एक शनिवार हमस. हमससाठी आणलेली ताहिनीची बाटली अर्धी वापरून फ्रिजच्या दारात उभी राहिली आणि सहा महिन्यांनी टाकून द्यावी लागली. ताहिनी म्हणजे तरी काय, वाटलेले तीळ. आपल्याकडे संक्रांतीला घराघरात तीळ भाजले जातात आणि आपण त्याची आयात केलेली बाटली आणतो! त्यानंतर चौथा नियम आला: एकाच पदार्थासाठी लागणारी बाटली आणायची नाही.

तेव्हापासून त्यांचा मोर्चा जवळच्या नकाशाकडे वळला, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. अकोल्याच्या माणसाला सावंतवाडीचं जेवण सुशीइतकंच परकं असतं. खानदेशात शेवभाजी करतात, तिची शेव वेगळी, जाड आणि तिखट. ती अगदी वाढतानाच रश्शात घालायची, आधी घातली की तिचा लगदा होतो. मराठवाड्यात, सोलापूरकडे सुशीला करतात. नाव ऐकून कुणाची तरी मावशी वाटते, पण तो चुरमुऱ्यांचा नाश्ता आहे. चुरमुरे भिजवून लगेच पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्यांच्या फोडणीवर परतायचे, वर डाळ्याचं कूट. पंधरा मिनिटांत होतो आणि एका कढईत होतो. रूमवर राहणाऱ्यांनी हा पदार्थ लिहून ठेवावा. पोह्यांचा कंटाळा आलेल्यांनी तर नक्कीच.

आणि कृपा करून व्हाइट सॉस पास्त्यापासून सुरुवात करू नका. पास्ता वाईट असतो असं नाही. पण तो पहिल्याच वेळी इतपत जमतो, की आपल्याला स्वयंपाक येतो असा गैरसमज होतो. शिवाय तो कसा लागायला हवा हे तुम्हाला दोघांनाही नीट माहीत नसतं. निदान एकाच्या जिभेला तरी मूळ चव ठाऊक असलेला पदार्थ घ्या. तो एकजण कसोटी लावतो, दुसरा शिकतो.

आता प्रश्न येतो मापांचा. तुम्ही घरी फोन करून आईला विचारलंत, "तिखट किती?" तर उत्तर एकच, "घाल की अंदाजे." हा अंदाज तीस वर्षांत तयार झालेला असतो, तो फोनवरून येत नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि पुढे घरोघरी पोचलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांनी मापं वाटी-चमच्यात दिली. घरापासून लांब गेलेल्या, नव्यानं संसार मांडलेल्या मुलींना हातात धरण्यासारखं काहीतरी मिळालं. तुमच्या घरी कपाटात ते असण्याची शक्यता बरीच आहे. हळदीचे डाग पडलेली प्रत असेल तर ती आधी उघडा, कारण डाग जिथे जास्त, तो पदार्थ घरात खरोखर होत होता.

त्यानं यावर एक नामी उपाय काढला. तो आईला व्हिडिओ कॉल करतो आणि सांगतो, "आई, मुठीत घेतलंस ना, ते आता वाटीत टाक आणि मला दाखव." अशा रीतीनं आईच्या सात-आठ पदार्थांची मापं त्याच्या फोनमध्ये लिहिलेली आहेत. ही कल्पना तुम्ही उचलाच. सुट्टीत घरी गेलात की एक संध्याकाळ यासाठी काढा. आजी असेल तर आधी आजीकडे बसा.

आता ज्या शनिवारमुळे मी हे लिहायला घेतलं, तो शनिवार. सगळं छान चाललं होतं. पाच महिने झाले होते. फ्रेंड सर्कलमध्ये यांचं उदाहरण दिलं जात होतं. तो ऑफिसात फोटो दाखवायचा आणि सगळ्या कलीग्ज म्हणायच्या, "लकी आहे हं तुझी बायको." तिला मात्र तिच्या ऑफिसात तिच्या शनिवारबद्दल असं कुणी काही म्हणालं नव्हतं. एका शनिवारी तिचा टर्न होता. सात वाजले, साडेसात वाजले, ती सोफ्यावरून उठली नाही. त्यानं विचारलं, "काय बेत आहे आज?" ती म्हणाली, "काही नाही. माझा टर्न सोमवारपासून चालूच आहे."

मग जे व्हायचं ते झालं. आवाज चढले. तो म्हणाला, "मी एक आड एक शनिवार सगळं करतो, भांडी घासतो, अजून काय करू?" ती म्हणाली, "शनिवारचा डबा नसतो. सोमवारचा असतो." सोमवार ते शुक्रवार सकाळची भाजी तिच करत होती. तो कोथिंबीर निवडून द्यायचा, मिरच्या चिरून द्यायचा, सांगितलं तर भाजी आणायचा. याला तो 'मदत' म्हणत होता. आणि मदत हा शब्दच घातकी आहे. मदत दुसऱ्याच्या कामात केली जाते. स्वतःच्या कामात कुणी मदत करतं का?

भांडण त्या रात्री मिटलं नाही. दोघं खिचडी खाऊन झोपले. रविवारी दुपारी तिनं एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला. आठवडाभरात या स्वयंपाकघरात काय काय करावं लागतं ते लिहायचं, एकमेकांचं बघायचं नाही. त्याची यादी कागदाच्या एका बाजूला संपली: भाजी आणणं, चिरणं, फोडणी, भांडी, कचरा, गॅस सिलेंडर. तिची यादी कागद उलटून मागे गेली. दूध तापवून वेळेत फ्रिजमध्ये ठेवणं. विरजण लावणं. मावशी उद्या येणार नाहीत हे लक्षात ठेवून कणीक जास्त मळून ठेवणं. तुरीची डाळ संपत आली हे डबा हलका लागल्यावर ओळखणं. टोमॅटो आधी वापरायचे, नाहीतर सडतील. काल वांगं झालं म्हणून आज नको. त्याला कारलं आवडत नाही म्हणून कारलं असेल त्या दिवशी दुसरं काहीतरी. आणि रोज रात्री झोपताना, 'उद्या काय करायचं?'

त्यानं तिची यादी दोनदा वाचली. मग म्हणाला, "मग सांगायचं ना मला."

या वाक्याचा इतिहास मोठा आहे. फ्रान्समधल्या एम्मा या चित्रकर्तीनं २०१७ साली एक छोटी चित्रकथा केली, तिचं नावच साधारण या अर्थाचं आहे. एक बाई मुलांना भरवते आहे, पाहुण्याकडे बघते आहे, तेवढ्यात गॅसवरचं भांडं उतू जातं. नवरा धावत येतो आणि म्हणतो, मला सांगायचं होतंस ना, मी केलं असतं! ही चित्रकथा इंटरनेटवर जगभर फिरली. कारण सांगणं हेसुद्धा कामच आहे. काय करायचं, कधी करायचं, कुणाला सांगायचं, हे ठरवणारा एकजण मॅनेजर होतो आणि दुसरा नुसता हुकमाचा ताबेदार. तुम्ही कधी कॉलेजच्या फेस्टमध्ये काम केलं असेल तर आठवा, सगळ्यात दमलेला माणूस कोण असायचा? खुर्च्या उचलणारा नाही. कुठली खुर्ची कुठे जाणार हे डोक्यात ठेवणारा.

आणि हा प्रकार काही एका घरातला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात, याची. सहा वर्षांवरच्या मुली-बायकांपैकी ८१.२ टक्के जणींनी त्या दिवशी घरातलं बिनपगारी काम केलं होतं. म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी वगैरे. मुलगे-पुरुषांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के. ज्यांनी काम केलं, त्यांतल्या बायकांनी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं दिली, पुरुषांनी ९७. हे ९७ सगळ्या पुरुषांचे नाहीत बरं का, ज्यांनी काही केलं त्यांचेच. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा बायकांची मिनिटं २८९ वर आली. पुरुषांची वाढली असतील असं वाटेल, तर ती ८८ वर आली. आणि यात रात्री झोपताना डोक्यात चालणारा 'उद्या काय करायचं?' कुठून मोजला जाणार?

तर, त्या रविवारनंतर त्यांनी शनिवारचा खेळ बंद केला नाही, मोठा केला. आता टर्न एका संध्याकाळचा नसतो, अख्ख्या आठवड्याचा असतो. रविवारी सकाळी सुरू होतो आणि पुढच्या शनिवारी रात्री ओटा पुसून संपतो. ज्याचा आठवडा, त्याच्या डोक्यात स्वयंपाकघर. काय आणायचं, काय करायचं, मावशींशी बोलणं, सिलेंडर बुक करणं, सगळं त्याचं. दुसरा सांगितलं तेवढं करतो, आणि डोकं मोकळं ठेवतो. शनिवारचा नवीन पदार्थ म्हणजे त्या आठवड्याचा शेवट.

पहिले दोन-तीन आठवडे त्याचे हाल झाले, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. एका मंगळवारी डब्याला फक्त बटाटा होता, बुधवारीही बटाटा. गुरुवारी दही लागलंच नाही, कारण विरजण लावायलाच तो विसरला. तिला सगळ्यात अवघड काय गेलं असेल, तर गप्प बसणं. डाळ संपत आलीय हे तिला दिसत होतं आणि तिनं सांगितलं नाही. शुक्रवारी डाळ संपली. जगबुडी झाली नाही, त्यानं मुगाचं वरण केलं. "सांगितलं असतं तर पुन्हा माझ्याच डोक्यात राहिलं असतं," ती म्हणते. ऑफिसात रिलीज असेल, कुणी आजारी असेल, तर आठवडा कोलमडतोही. तेव्हा खिचडी किंवा बाहेरून. पण कोलमडला तर कोणाचा कोलमडला, हे दोघांनाही माहीत असतं.

मध्यंतरी त्याची आई राहायला आली होती, नेमकी त्याच्या आठवड्यात. पहिल्या दिवशी तो कणीक मळत होता (मावशी सुट्टीवर) आणि सून लॅपटॉपवर. सासूबाई लगेच उठल्या. "सरक रे, मी करते." सुनेला म्हणाल्या काहीच नाहीत, नुसतं बघितलं. ती सांगते, "त्या क्षणी उठून त्याच्या हातातली परात घ्यावी असं मला इतकं वाटलं! पण बसून राहिले. हात मांडीखाली घेऊन." तो आईला म्हणाला, "आई, या घरात मधे यायचं नाही असा नियम आहे. तू बस, गप्पा मार." त्या दारात उभं राहून गप्पा मारत राहिल्या, नजर परातीवर. शनिवारी त्यानं शेवभाजी केली. मीठ कमी झालंय, हे त्यांनी सांगितलंच. मग दुसऱ्यांदा वाढून घेतली. रात्री तो ओटा पुसायला गेला तर ओटा आधीच लख्ख. त्यावर तो काही बोलला नाही, तीही नाही. चाळीस वर्षांची सवय चार दिवसांत सुटावी अशी अपेक्षा कुणी करू नये. जाताना मात्र त्यांनी सुनेला विचारलं, "हे आठवड्याचं कसं काय ठरवलंत गं तुम्ही?"

आता तुमच्याकडे येते. तुमचं लग्न दूर आहे, काहींचं तर कधीच करायचं नाही असं ठरलेलं आहे. हरकत नाही. रूम पार्टनरबरोबर हे करता येतं. तिघं-चौघं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर आठवडा वाटून घ्या, काम वाटू नका. 'तू चिर, मी परततो, तो घासेल' असं वाटलं की ठरवण्याचं काम कुणा एकावरच पडतं, आणि बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात काळजीवाहू माणसावर पडतं. पीजीत गॅस चालत नसेल तर सुट्टीत घरी करा. भाऊ-बहिणीत करा. घरी 'दादाला वाढ गं' हे वाक्य अजून चालू असेल, तर एक आठवडा दादाला मॅनेजर करून बघा. आणि मुलग्यांनो, घरी गेल्यावर आईला एक दिवस 'आराम' देऊ नका. मदर्स डेला केकचा घाट घालून ओटाभर मैदा करण्यापेक्षा, एक आख्खा आठवडा 'आज काय करायचं?' हा प्रश्न तिला कुणीही विचारणार नाही, एवढं बघा.

ज्यांचं कुणाशी तरी जुळलंय, त्यांच्यासाठी एक आगाऊ सल्ला. 'गुलाबजाम' हा २०१८ चा सिनेमा बघितला असेल, लंडनची नोकरी सोडून मुलगा पुण्यात स्वयंपाक शिकायला येतो तो. तसं काही रोमँटिक तुमच्या वाट्याला येईलच असं नाही. पण एकदा दोघांनी मिळून पुरणपोळी करून बघा. पुरण सैल झालं, पोळी फाटली, तव्याला चिकटली की माणूस काय करतो, कुणावर चिडतो, फाटलेली पोळी कोणाच्या ताटात वाढतो, हे सगळं त्या तासाभरात कळतं. पत्रिकेत एवढं कळत नाही.

हा आठवडा त्याचा आहे. शनिवारी वालाचं बिरडं ठरलंय, दोघांच्याही घरी कधी न झालेलं. वाल बुधवारी रात्री भिजत घालायचे, गुरुवारी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की शनिवारी कोमट पाण्यात टाकून एकेक वाल सोलायचा. बुधवारी रात्री साडेदहाला त्याच्या फोनचा अलार्म वाजला, त्यावर नुसतं 'वाल' असं लिहिलेलं होतं. सोलायला म्हणे तासभर तरी लागतो. नियमाप्रमाणे तिनं स्वयंपाकघरात जायचं नाही, म्हणून तो परात घेऊन हॉलमध्ये येणार आहे.